आत्याची तिसरी सही

खालच्या तळ्यात कुणी नवं माणूस उतरलंय हे मानमोईला आधी पाण्यानं सांगितलं. पेइ-रोंग पाण्यात शिरते तेव्हा पाणी दचकत नाही, घरातलंच कुणी आल्यासारखं बाजूला होतं. हे पाणी मात्र खिदळत, उसळत काठाला आपटत होतं. मानमोईनं वरच्या तळ्यातून मान उंचावली. आधी तिला दिसला हिरवा रबरी पोशाख, पायापासून छातीपर्यंतचा, डाव्या गुडघ्यावर काळं ठिगळ असलेला.

ते ठिगळ तिनंच लावलं होतं. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून, डिंक फुंकून फुंकून वाळवून. तेव्हा पोशाखात पेइ-रोंग होती आणि ती म्हणाली होती, "फुंकतेस काय, मी काय भाजलेय?" आता त्या ठिगळाआड दुसरीचा गुडघा होता.

"शियाओ-थांग, हळू! देठ तुटतील!" पेइ-रोंग काठावरून ओरडली आणि हसली. त्या हसण्यानं मानमोईच्या हातातला कुमुदिनीचा देठ मधोमध तुटला.

आमच्या मेइनोंग गावात कुमुदिनीचं फूल कुणी विचारत नाही, भाजीसाठी देठ विचारतात. माणसापेक्षा लांब, हिरवे, गुळगुळीत देठ. छातीभर पाण्यात उभं राहून पायानं मूळ चाचपायचं, हातानं अलगद ओढायचं, धुऊन त्याचं वेटोळं करायचं आणि त्याच देठाची गाठ मारायची. हे दोन तळ्यांचं शेत मानमोई आणि पेइ-रोंगनं मिळून उभं केलं होतं. दोन बायकांच्या लग्नाचा कायदा आला त्याच वर्षी दोघींनी नोंदणी केली. गेल्या वर्षी मोडलं तेव्हा वाटणी झाली. वरचं तळं मानमोईचं, खालचं पेइ-रोंगचं. पाणी तेवढं वाटता आलं नाही. ते वरून खाली वाहतं ते वाहतंच.

मोडलं कशानं, तर मानमोईच्या जळण्यानं. ती भाजीवाल्याच्या मुलीवर जळायची, पेइ-रोंगच्या शाळेतल्या मैत्रिणीवर जळायची, फोनवर उशिरा हसणाऱ्या कुणावरही जळायची. शेवटी पेइ-रोंगनं भांडणसुद्धा केलं नाही. सकाळी न्याहारीच्या वाडग्याखाली घटस्फोटाचा कागद ठेवून ती तळ्यावर निघून गेली. कागदावर तिची सही होती, त्या मैत्रिणीची साक्षीदार म्हणून सही होती, आणि दुसऱ्या साक्षीदाराची जागा रिकामी होती.

*

देठ धुवायच्या शेडमध्ये बायका पाण्यात हात घालून बसल्या होत्या. तोंडं हातांपेक्षा जोरात चालली होती.

"शुक्रवारी आहे ना गं तुमच्या खालच्या तळ्याचं?" श्यू काकूनं विचारलं.

"काय शुक्रवारी?"

"लग्न! नोंदणी!" काकूनं जीभ चावली. "तुला ठाऊक नव्हतं? मग मी काही बोलले नाही. देठ बघ किती सुरेख आलेत यंदा."

मानमोईनं देठांतला चिखल असा निपटला की पाणी काळं झालं.

"अगं, लग्नाचं काय घेऊन बसलीस," दुसरी मदतीला धावली, "त्या तंबाखूवाल्या ल्यूचा घटस्फोटच रद्द झाला की!"

"रद्द? नासला की काय, दुधासारखा?"

"साक्षीदार कोण घेतला, तर त्याचा न्हावी. न्हाव्याला कोर्टात विचारलं, नवऱ्याला सोडायचंय हे बायकोनं तुला सांगितलं होतं का? तो म्हणतो, छे, तिला तर मी पाहिलंही नाही, यांनी दाढी करता करता कागद पुढे केला नि मी केली सही. न्यायाधीश म्हणाले, मग तू कसला साक्षीदार? दोघांच्या मनातलं ठाऊक नसेल तर सही कशाची? झालं! इतक्या वर्षांनी पुन्हा नवरा-बायको!"

"अगं बाई! आणि ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणणार? म्हणाली, याला आधी घोरणं बंद करायला सांगा."

शेड हसून लवंडली. फक्त मानमोईचे हात पाण्यात थांबले होते.

दुसऱ्या साक्षीदाराची ती रिकामी जागा तिच्या आत्यानं भरली होती. आत्यानंच, जी लग्नातही साक्षीदार होती. तो दिवस मानमोईला लख्ख आठवत होता. आत्या अंगणात मुळे वाळत घालत होती. कागद पाहून ती म्हणाली, "तू म्हणतेस तर सही करते. पण त्या पोरीला माझ्यापुढे आणू नकोस. जिच्या हातचा लग्नाचा गोड चहा प्याले, जिच्या तोंडून 'आत्या' ऐकलं, त्याच तोंडून 'चालले' ऐकायची माझी छाती नाही." तिनं कागद गुडघ्यावर ठेवून सही केली आणि पुन्हा मुळ्यांकडे वळली. दुसऱ्या दिवशी पेइ-रोंग निरोप घ्यायला आली, तेव्हा आत्यानं तांदूळ दळायचं यंत्र सुरू केलं आणि ती जाईपर्यंत बंद केलं नाही.

*

गावच्या कचेरीत मंगळवारी एक वकीलबाई फुकट सल्ला द्यायला बसतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"आत्याबाईंनी तुमच्या जोडीदाराच्या तोंडून एकदाही ऐकलं नाही? फोनवरसुद्धा नाही?"

"यंत्राच्या आवाजात काही ऐकू येत नाही."

"मग तो घटस्फोट लंगडा आहे. तुम्ही कोर्टात गेलात आणि आत्याबाईंनी हेच सांगितलं, तर कोर्ट म्हणेल, हे लग्न मोडलेलंच नाही."

"आणि शुक्रवारी तिनं दुसरीशी नोंदणी केली तर?"

"त्या दोघींना यातलं काही ठाऊक आहे?"

"नाही. तिला वाटतं, सही झाली म्हणजे झालं."

"मग कायदा त्यांना सांभाळून घेतो. कचेरीतल्या नोंदीवर विश्वासून चांगल्या मनानं लग्न केलं, तर नवं टिकतं, आणि जुनं त्या दिवसापासून संपलं असं धरतात."

"त्या दिवसापासून? गेल्या वर्षीपासून नाही?"

"त्या दिवसापासून."

मानमोईनं खुर्चीची कड धरली. "आणि त्यांना शुक्रवारच्या आधी कळलं तर?"

"मग विश्वास कसला राहिला? मग आधी तुमचं नीट मोडायला हवं. तुम्ही पुन्हा सही दिलीत तर लगेच होईल. नाही दिलीत तर तिला कोर्टात कारणं शोधत बसावं लागेल. वर्षं जातात त्यात." वकीलबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "बाई, तुम्हाला नक्की काय हवंय? ते ठरवून या. कायदा नंतर बघू."

स्कूटरवरून घरी येताना तिचं अंग हलकं झालं होतं. म्हणजे गेलं वर्षभर, तळ्याच्या काठावर ती दुसरी हसत होती तेव्हा, पेइ-रोंग तिच्यासाठी आलं किसून सूप करत होती तेव्हा, सगळा वेळ बायको मीच होते! नाक्यावर तांदळाच्या रुंद शेवयांचं दुकान लागलं. तिनं सवयीनं दोन वाडगे बांधून घेतले, आणि वर्षात पहिल्यांदा तिला त्याची लाज वाटली नाही.

घरी आत्या अंगणात बसून डोंगरगाणं गुणगुणत होती. आमच्याकडे एक डोंगर गातो आणि दुसरा उत्तर देतो, अशी ही गाणी.

*तळ्याच्या गं पाण्यामंदी चंद्र बुडाला बुडाला,*
*माझ्या ओंजळीचा होता, तिच्या घागरी सांडला.*

"आत्या, पेइ-रोंगनं तुला कधी सांगितलं होतं का गं, की तिला सोडायचंय म्हणून?"

"मी सांगू दिलं असतं तर ना! यंत्र फिरवून फिरवून तांदळाचं पीठ नाही, धूर झाला होता धूर." आत्यानं वाडग्यांकडे पाहिलं. "दोन कुणाला?"

"मला आणि माझ्या बायकोला," मानमोई म्हणाली.

आत्यानं तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

*

दुसऱ्या दिवशी पेइ-रोंग बांधावर आली. चपला हातात, पायाला चिखल. दोन तळ्यांच्या मधला बांध म्हणजे आता सरहद्दच, पण ती त्यावरून चालायची ती जुन्या सवयीनं, पाय कुठं घसरतो ते ठाऊक असल्यासारखी.

"मान, विचारायचं होतं. उद्या संध्याकाळी आत्याला चहा द्यायला आलो तर चालेल? माझ्या घरचं कुणी येणार नाही. शियाओ-थांगची आई तर म्हणाली, दारात आलात तर दार लावून घेईन. आमच्या डोक्यावर हात ठेवायला आत्याच आहे. आणि... सहीसुद्धा हवी आहे. साक्षीदाराची."

"आत्यानं दुकान उघडलंय वाटतं सह्यांचं."

पेइ-रोंग हसली नाही. "तुला चालणार नसेल तर नाही येत."

"माझा काय संबंध?" मानमोई म्हणाली. जिभेखाली गूळ धरल्यासारखं तिनं ते वाक्य चघळलं. माझा काय संबंध! तुला कळलं तर तुझ्या पायाखालचा बांध खचेल.

"तू बदकांवरसुद्धा जळायचीस," पेइ-रोंग हळूच म्हणाली.

"सारखी तुझ्या मागे मागे यायची."

"मी दाणे टाकायचे म्हणून."

"मीही तेच म्हणायचे. तू दाणे टाकायचीस."

आता मात्र पेइ-रोंगला हसू आलं. ते तिनं ओठात दाबलं आणि ती गेली. मानमोई पाण्यात उभी राहून तिची पाठ पाहत राहिली. उद्या, ती मनात म्हणाली. उद्या तुझ्यासमोर, तुझ्या त्या पोरीसमोर, आत्याच्याच तोंडून निघू दे. मी एक शब्द बोलणार नाही. फोन खिशात चालू ठेवीन, सगळं बोलणं त्यात उतरेल. मग बघू शुक्रवार कुणाचा.

*

गुरुवारी दिवेलागणीला दोघी आल्या. शियाओ-थांगनं आणलेल्या पेल्यांवर लाल कागदाचे गोल चिकटवले होते, एक तिरपा. आत्यानं चिकट तांदळाचे लाडू कुटून ठेवले होते, शेंगदाण्याच्या कुटात लोळवलेले, कारण चहा कुणाचाही असो, दारात आलेल्या माणसाला आमच्याकडे रिकाम्या तोंडी बसवत नाहीत. मानमोईनं खिशातला फोन चालू केला आणि आत्याशेजारची खुर्ची धरली.

"ताई, पाणी कुठं उकळू?" शियाओ-थांगनं विचारलं.

ताई! मानमोई उठली, तिला स्वयंपाकघरात घेऊन गेली, किटली दाखवली आणि जाणूनबुजून खजुराचा डबा दाखवला नाही. पोरगी बारकी होती, शहरातली, पण नखांत आमच्याच तळ्याचा चिखल होता. ती किटलीकडे पाहत म्हणाली, "एक विचारू? रागावू नका."

"विचार, मग ठरवते."

"ती वेटोळ्याला गाठ मारते ना, तुमची आहे ती. मी म्हणते मला शिकव, तर म्हणते हाताला येते, सांगता येत नाही. मी शेजारी बसून बघते. तिचे हात सगळे तुमचेच आहेत. देठ ओढायची पद्धत तुमची, चाकू पुसायची पद्धत तुमची. आल्याचं सूप मला देते, तेही तुमच्या चवीचं असणार, नाही का? माझ्याकडे आली ती अख्खी तुमच्या हातांनी घडलेली." तिनं किटलीचं झाकण सरळ केलं. "मी रात्रंदिवस जळते तुमच्यावर. तुम्हाला हसू येईल."

मानमोईला हसू आलं नाही. आपल्या घरातला आरसा परक्याच्या भिंतीवर दिसावा तसं तिला झालं.

"तिला सांगितलंस हे?"

"वेडी आहे का मी? जळण्यापायी एक गेली, हे मला ठाऊक आहे."

किटली शिट्टी मारू लागली. मानमोईनं फडताळातून खजुराचा डबा काढून तिच्यापुढे आदळला. "घाल. आत्या खजुराशिवाय चहा पीत नाही."

"आणि गाठ? शिकवाल?"

"गाठ नाही शिकवणार," मानमोई म्हणाली.

बाहेर आत्या ताठ बसली होती. दोघींनी दोन्ही हातांनी पेले पुढे केले. "आत्या, चहा घ्या." शियाओ-थांगचा पेला थरथरत होता. पेइ-रोंगनं आपल्या पेल्यावरची बोटं न काढता करंगळीनं तिच्या बशीची कड सावरली. इतकीशी हालचाल. त्या करंगळीनं कधीकाळी मानमोईची बशीही सावरली होती.

आत्यानं चहा प्याला, खजूर चघळला, आहेराची लाल पाकिटं दिली. मग पेइ-रोंगनं कागद आणि पेन काढलं. तिचा हात कागदावरून दोनदा फिरला.

"सगळं नीट आहे ना, बघा हं आत्या. मी कचेरीत जाऊन विचारून आले. मला यावेळी कशातही खोट नकोय."

आत्यानं पेन घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"करते. पण आधी तुझ्या तोंडून ऐकेन. हिच्याशी लग्न करायचंय तुला? मनापासून?"

"हो, आत्या."

"आणि तुला गं?"

"हो," शियाओ-थांग म्हणाली, इतक्या मोठ्यानं की बाहेर कुत्रं भुंकलं.

"हं. असं ऐकलं की सहीला अर्थ. नाहीतर मागच्या वेळी बघ, तू मला एका शब्दानं—"

तेच वाक्य होतं. त्यासाठीच खुर्ची शेजारी होती, त्यासाठीच खिशात फोन जागा होता. अजून चार शब्द पडले असते की बांध फुटला असता. पेइ-रोंगनं मान वर केली होती, कान देऊन, ज्या माणसाला कशातही खोट नकोय त्या माणसाच्या कानांनी. आणि मानमोईला दिसलं की तो बांध फुटला तर पाणी वर येणार नव्हतं. आपल्या तळ्यात काहीच परत येणार नव्हतं. खालचं तळं तेवढं बुडालं असतं, आणि पेइ-रोंग कोर्टाच्या बाकावर बसून वर्षानुवर्षं तिच्याकडे अशी पाहत राहिली असती, जशी शेवटच्या महिन्यात पाहायची, कंटाळून.

तिनं ताटातला सगळ्यात मोठा लाडू उचलला आणि आत्याच्या उघड्या तोंडात कोंबला.

"खा आधी! कधीपासून ताट तसंच पडलंय. पाहुण्यांसमोर जुनी रडगाणी कशाला?"

आत्याचे डोळे विस्फारले. चिकट तांदूळ टाळूला बसला, शेंगदाण्याचा कूट हनुवटीवर सांडला. ती बोटानं मानमोईकडे दाखवत "म्ं, म्ं" करत राहिली. शियाओ-थांग पाणी घेऊन धावली. पेइ-रोंग हसता हसता डोळे पुसू लागली.

"मान, तू आत्याला मारशील एखाद दिवशी!"

"सही करून घे मग आधी," मानमोई म्हणाली.

आत्यानं घास गिळत गिळत, डोळ्यांत पाणी आणून सही केली. मानमोईनं खिशात हात घातला आणि अंगठ्यानं फोन बंद केला. दोघी निघाल्या तेव्हा पेइ-रोंग दारात थांबली.

"तू आज चांगली वागलीस," ती म्हणाली.

"जळत होते सगळा वेळ."

"ते दिसलं," पेइ-रोंग म्हणाली.

*

शुक्रवारी मानमोई पहाटेच पाण्यात उतरली. खालचं तळं रिकामं होतं. हिरवा पोशाख दोरीवर उलटा लटकत होता, ठिगळ आभाळाकडे करून. कचेरी उघडायला अजून अवकाश होता. तेवढा अवकाश तिचा होता. तिनं एक देठ पायानं चाचपला, ओढला, दुसरा चाचपला. आत्ता पेइ-रोंग केस विंचरत असेल, माझी बायको. आत्ता ती स्कूटरवर मागे बसली असेल, माझी बायको, दुसरीच्या कमरेला हात घालून. आत्ता पायऱ्या चढत असेल. हे कुणाला ठाऊक नव्हतं, पेइ-रोंगला नाही, त्या बारक्या पोरीला तर नाहीच. ती पोरगी मोकळ्या बाईशी लग्न करायला गेली होती आणि दुसऱ्याची बायको घेऊन येणार होती. मानमोईला त्या विचाराचं इतकं दुष्ट, इतकं गोड सुख झालं की ती पाण्यात एकटीच हसली. हे मी कुणाला देणार नाही. गाठीसारखं हेही माझंच.

ऊन डोंगरावरून उतरून तळ्यात आलं. रस्त्याच्या बाजूला कुणीतरी फटाक्यांची माळ लावली. बदकं पंख फडफडवत पळाली.

झालं.

तिच्या हातात देठ होता. तो तिनं ओढला नाही, सोडलाही नाही. ओठांवर आपोआप गाणं आलं, आत्याच्या डोंगराला द्यायचं राहिलेलं उत्तर.

*देठ ओढिता ओढिता मूळ राहते तळाशी,*
*तिची पहाट लोकांची, माझी रात तिच्यापाशी.*

आत्या काठी टेकत बांधावर आली होती. "गातेस होय? आणि काल माझा जीव घेत होतीस. टाळू अजून दुखतेय. बोलत होते ते बोलू दिलं नाहीस."

"आता बोल की आत्या. आता काय हवं ते बोल, कुणालाही सांग. काय म्हणत होतीस?"

आत्यानं काठी चिखलात रोवली, आभाळाकडे पाहिलं, हनुवटी खाजवली.

"मेलं, विसरले," ती म्हणाली. "ये वर. दुसरा वाडगा निवतोय."

"दुसरा कुणाला?"

"मला," आत्या म्हणाली. "तू काल म्हणालीस ना पाहुण्यांसमोर रडगाणं नको. आता पाहुणे नाहीत. ये, खा, आणि मग रड हवं तेवढं."